नाकासमोरचेच दिसू लागते तेव्हा...

आपल्या मराठीत नाकाला फार मान आहे. सरळमार्गी माणूस नाकासमोर चालतो, शिष्ट माणूस नाकाने कांदे सोलतो, रुसलेला नाक मुरडतो आणि संसारी माणसाच्या महिनाअखेरीस नाकी नऊ येतात. पण हे नाक आतून कसे असते, ते किती खोल जाते आणि त्याच्या शेवटी काय आहे, असे विचारले तर शिकलेली मंडळीही गप्प बसतात. आज त्या आतल्या वाटेची आणि वाटेच्या टोकाशी बसलेल्या वाटाण्याएवढ्या एका ग्रंथीची माहिती घेऊ. या माहितीत माझी स्वतःची एक चूकही येणार आहे. ती झाकून ठेवण्यापेक्षा सांगितलेली बरी, कारण त्यामुळे एखाद्या वाचकाची नजर वाचू शकेल.

मामांची डोकेदुखी

ही गोष्ट २०१८ सालची. जिंतूर तालुक्यातले पन्नाशीचे एक शेतकरी. गावात सगळे त्यांना मामा म्हणत, म्हणून मीही म्हणे. डोके दुखते म्हणून ते वर्षभर माझ्याकडे येत होते. "साहेब, कपाळ लई ठणकायलंय," एवढीच तक्रार. मी रक्तदाब पाहिला, तो ठीक होता. ऊन, जागरण, सोयाबीनच्या भावाची काळजी, अशी कारणे काढून मी गोळ्या देत राहिलो. नजर अंधुक वाटते म्हणाले तेव्हा चष्म्याचा नंबर काढायला पाठवले. चष्मा झाला, सहा महिन्यांत दुसराही झाला.

एके दिवशी मामी बरोबर आल्या. त्या म्हणाल्या, "साहेब, हे आजकाल दाराच्या चौकटीला धडकायलेत. परवा औत वळवताना बांधावरची बाभळ दिसली नाही ह्यांना. बाजारात बाजूनं माणूस आला की दचकतेत." मामा हसून म्हणाले, "वय झालं आता." तेवढ्यात टेबलाच्या कडेला ठेवलेल्या पाण्याच्या तांब्याला त्यांचा हात लागला आणि तांब्या खाली पडला. तो तांब्या त्यांना दिसलाच नव्हता.

मी त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसलो. एक डोळा तळहाताने झाकायला सांगितला. "माझ्या नाकाकडे बघत राहा, बोट हलताना दिसले की सांगा," असे म्हणून मी बोट कडेकडून हळूहळू मध्ये आणले. उजव्या डोळ्याला उजवीकडचे बोट जवळजवळ मध्यावर येईपर्यंत दिसले नाही. डाव्या डोळ्याला डावीकडचे दिसले नाही. म्हणजे दोन्ही डोळ्यांची बाहेरची बाजू गेली होती. घोड्याच्या डोळ्यांना झापड बांधावी तसे झाले होते. मामांना खरोखरच फक्त नाकासमोरचे दिसत होते.

याची आकृती मी विद्यार्थी असताना पाठ केली होती, परीक्षेत काढून मार्कही मिळवले होते. आणि तोच आजार समोर खुर्चीवर बसलेला असताना मला वर्षभर ओळखता आला नाही. नंबर तपासताना माणूस समोरच्या पाटीकडे पाहतो, त्यामुळे कडेची नजर गेलेली त्या तपासणीत कळेलच असे नाही. एका बोटाची आणि दोन मिनिटांची तपासणी, पण ती मी केली नव्हती.

नांदेडला एम.आर.आय. झाला. मेंदूच्या तळाशी, पिट्यूटरी ग्रंथीच्या जागी अडीच सेंटीमीटरची गाठ निघाली.

वाटाण्याएवढी मालकीण

पिट्यूटरीला मराठी पुस्तकांत पीयूषिका ग्रंथी म्हणतात. आकार वाटाण्याएवढा, वजन सुमारे अर्धा ग्रॅम. कवटीच्या तळाच्या हाडात तिच्यासाठी एक खोलगट बैठक असते. घोड्याच्या खोगिरासारखी दिसते म्हणून शरीरशास्त्रात तिला 'तुर्की खोगीर' असे नाव आहे. वरून एका बारीक देठाने ही ग्रंथी मेंदूला लोंबकळते.

आकार एवढासा, पण कारभार मोठा. मुलांची उंची वाढवणारे संप्रेरक इथले. बाळंतिणीला दूध आणणारे इथले. गळ्यातल्या थायरॉइडला, मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींना, स्त्रीच्या बीजांडांना आणि पुरुषाच्या वृषणांना कामाला लावणारे हुकूम इथून सुटतात. लघवीवाटे किती पाणी जाऊ द्यायचे यावरही हिचीच देखरेख असते.

हिची शेजारीण मंडळीही मोठी आहेत. दोन्ही बाजूंना मेंदूकडे जाणाऱ्या मुख्य रक्तवाहिन्या आणि डोळे हलवणाऱ्या नसा. वर दोन्ही डोळ्यांच्या नसांचा चौक. या चौकात दोन्ही डोळ्यांतले निम्मे तंतू एकमेकांना ओलांडून पलीकडे जातात आणि हे ओलांडणारे तंतू नेमके बाहेरच्या बाजूची नजर वाहून नेतात. ग्रंथीतली गाठ वाढून वर सरकली की या चौकावर खालून दाब येतो आणि कडेची नजर आधी जाते. मामांचे हेच झाले होते.

घाबरवणारा एक गैरसमज इथेच दूर करतो. या गाठी बहुतांशी कर्करोगाच्या नसतात. हळूहळू वाढतात. त्रास होतो तो दाबामुळे किंवा संप्रेरके बिघडल्यामुळे.

नाकाची वाट

पुष्कळांना वाटते की नाकपुडीतून आत गेले की वाट वर कपाळाकडे जाते. तसे नाही. विष प्यालेल्या रुग्णाच्या नाकातून पोटात नळी घालण्याची वेळ आमच्या भागातल्या डॉक्टरांवर दुर्दैवाने बरेचदा येते. ती नळी वर ढकलली तर अडते. टाळूला समांतर, सरळ मागे सरकवली तर सहज जाते. नाक ही मागे जाणारी बोळ आहे. टाळू तिची जमीन आणि घशाची मागची बाजू तिचे दार.

या बोळीच्या मधोमध पडदा असतो, पुढे कूर्चेचा आणि मागे हाडाचा. तो पूर्ण सरळ असलेली माणसे थोडीच. पडद्याच्या पुढच्या भागात बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे असते. परभणीच्या मे महिन्यात मुलांचा घोळणा फुटतो तो बहुधा इथूनच. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर शिंपल्यासारखी वळलेली तीन-तीन हाडे असतात, एकाखाली एक. त्यांवरची ओलसर त्वचा आत येणारी हवा गरम करते, भिजवते, धूळ अडवते. "नाकात मांस वाढलंय" म्हणून घाबरून येणाऱ्यांपैकी अनेकांना प्रत्यक्षात या शिंपल्यांवरची सूजच असते. एक नाकपुडी मोकळी आणि दुसरी थोडी बंद, काही तासांनी उलटे, हा प्रकारही याच त्वचेच्या फुगण्याओसरण्याने होतो. तो आजार नव्हे.

नाकाच्या आजूबाजूच्या हाडांत हवेच्या पोकळ्या आहेत. गालात, कपाळात आणि दोन डोळ्यांच्या मध्ये. यांनाच आपण सायनस म्हणतो. चौथी पोकळी कुणाला ठाऊक नसते. ती नाकाच्या अगदी मागे, वरच्या कोपऱ्यात, डोक्याच्या जवळजवळ मध्यावर असते. तिचे नाव स्फेनॉइड. नाकपुडीपासून तिची पुढची भिंत साधारण सात सेंटीमीटरवर, म्हणजे चार बोटांवर. आणि या पोकळीच्या मागच्या पातळ हाडाच्या पलीकडे पिट्यूटरीची बैठक. म्हणजे कवटी न उघडता मेंदूच्या तळाशी पोचण्याची वाट आपल्या नाकातूनच आहे.

जुनी ओळख, नवी दुर्बीण

ही वाट माणसाला फार पूर्वीपासून माहीत होती. प्राचीन इजिप्तमध्ये मृतदेह टिकवण्यासाठी तयार करताना आकड्याने नाकावाटे मेंदू काढत. आपल्या आयुर्वेदानेही नाकाला मस्तकाचे दार मानले आणि नस्याचे उपचार सांगितले. पाश्चात्त्य वैद्यकात तर मेंदूतला कफ गाळून नाकात सोडण्याचे काम ही ग्रंथी करते अशी समजूत शेकडो वर्षे होती. 'पिट्यूटरी' हे नावच कफासाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून आले आहे. समजूत चुकीची ठरली, नाव राहिले.

नाकाच्या वाटेने या ग्रंथीची पहिली शस्त्रक्रिया १९०७ साली ऑस्ट्रियात हर्मन श्लोफर यांनी केली. त्यांनी नाक बाजूला उलटवून वाट काढली होती. अमेरिकेत हार्वे कुशिंग यांनी वरच्या ओठाखालून छेद घेऊन अनेक शस्त्रक्रिया केल्या, पण पुढे त्यांनीच ती पद्धत सोडून कवटी उघडण्याचा मार्ग धरला. खोल, अंधाऱ्या बोळीत नीट दिसत नाही ही मोठी अडचण होती. १९६० च्या दशकात कॅनडात ज्यूल्स हार्डी यांनी सूक्ष्मदर्शक वापरला आणि नाकाची वाट पुन्हा चालू झाली. १९९० च्या दशकात फ्रान्स, अमेरिका व इटलीतल्या शल्यचिकित्सकांनी दुर्बीण थेट आत नेली.

ही दुर्बीण म्हणजे साधारण चार मिलिमीटर जाडीची, पेन्सिलीपेक्षा बारीक कडक नळी. तिच्यातली काचदांड्यांची भिंगरचना इंग्लंडच्या हॅरल्ड हॉपकिन्स यांची. तिला उजेड मिळतो तो काचतंतूंतून, आणि काचतंतूंवरचा १९५४ सालचा गाजलेला शोधनिबंध हॉपकिन्स यांनी पंजाबात जन्मलेल्या नरिंदरसिंग कपानी यांच्यासह लिहिला होता. कपानींना २०२१ साली मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले.

ऑपरेशनमध्ये काय करतात?

मामांच्या मुलाने मला विचारलेला पहिला प्रश्न हाच होता, "डोकं फोडणार का?" उत्तर होते, नाही. बाहेर चेहऱ्यावर एकही टाका दिसत नाही.

रुग्णाला पूर्ण भूल देतात. नाकात औषधाच्या पट्ट्या ठेवून आतली त्वचा आक्रसवतात, म्हणजे जागा होते आणि रक्त कमी जाते. बरेचदा कान-नाक-घसा तज्ज्ञ आणि मेंदूचे शल्यचिकित्सक दोघे मिळून काम करतात. एक जण दुर्बीण धरतो, दुसरा दोन्ही हातांनी अवजारे चालवतो आणि सगळे पडद्यावर पाहतात. मधली शिंपली अलगद बाजूला सारतात, स्फेनॉइडचे नैसर्गिक छिद्र शोधतात, पडद्याचा मागचा थोडा भाग काढून ती पोकळी उघडतात. मग बैठकीचे पातळ हाड काढतात. त्यामागे मेंदूचे आवरण. ते छेदले की गाठ दिसते. ती बहुधा मऊ असते, थोडीथोडी खरवडून, ओढून काढतात. चांगली ग्रंथी शक्य तितकी राखतात. शेवटी तळ बंद करतात. गरज पडली तर पोटाची किंवा मांडीची थोडी चरबी वापरतात, किंवा पडद्यावरचीच त्वचा रक्तपुरवठ्यासह वळवून ठिगळासारखी लावतात. ही ठिगळाची युक्ती अर्जेंटिनाच्या डॉक्टरांची असून २००६ पासून ती जगभर पसरली.

धोके नाहीत असे मी म्हणणार नाही. बाजूच्या मोठ्या रक्तवाहिनीला इजा झाली तर जिवावर बेतते, पण हे क्वचित घडते. मेंदूभोवतीचे पाणी नाकातून गळू शकते. घरी आल्यावर खाली वाकताच नाकातून पाण्यासारखा पातळ, खारट थेंब पडू लागला तर ती सर्दी समजू नये. वेळेवर बंद केले नाही तर मेंदूज्वर होतो. काहींना काही दिवस फार लघवी आणि फार तहान लागते. काहींच्या रक्तातले मीठ आठवड्याभरात अचानक उतरते, डोके दुखते, उलट्या होतात, बरळणे सुरू होते. अशा वेळी गावात सलाइन लावत बसू नये, शस्त्रक्रिया झालेल्या ठिकाणी फोन करावा.

गाठ निघाली तरी ग्रंथी थकलेली असेल तर स्टेरॉइड व थायरॉइडच्या गोळ्या कायम घ्याव्या लागू शकतात. या स्टेरॉइडला लोक घाबरतात आणि परस्पर बंद करतात. शरीर स्वतः बनवत नाही तेच आपण बाहेरून देत असतो. ते अचानक बंद करणे जिवाला घातक आहे.

प्रत्येक गाठीला ऑपरेशन नाही

हेही लक्षात ठेवा. दूध आणणारे संप्रेरक जास्त सोडणाऱ्या गाठी बहुतेक वेळा आठवड्यातून एक-दोनदा घ्यायच्या गोळ्यांनीच आकसतात. बाळंतपण नसताना स्तनातून दूध येणे, पाळी बंद होणे, मूल न राहणे ही त्यांची लक्षणे. आपल्याकडे अशा मुलीला आधी देवऋष्याकडे नेतात आणि नवऱ्याचे दुसरे लग्न बोलू लागतात. रक्ताची एक तपासणी केली तर कित्येक संसार वाचतील.

वाढीचे संप्रेरक जास्त झाले तर मोठ्या माणसाचे हात, पाय, जबडा, नाक, ओठ जाड होत जातात. मानवतकडच्या एका बाईंचे निदान माझ्याआधी त्यांच्या कासाराने केले म्हणा. "आधी तुम्हाला दोन-चारची बांगडी चढायची, आता दोन-आठची अडायली," असे तो म्हणाला. जोडवी बोटात रुतली होती. मी मात्र त्यांची साखर आणि रक्तदाबच पाहत होतो. शेवटी भिंतीवरचा लग्नाचा फोटो मागवला आणि शेजारी ठेवून पाहिला, तेव्हा उमगले. हाच दोष लहानपणी झाला तर मूल अफाट उंच होते. कुस्तीपटू 'द ग्रेट खली' यांची पिट्यूटरीची गाठ २०१२ साली अमेरिकेत पिट्सबर्गला काढली गेली.

याउलट ग्रंथी कोरडीही पडते. बाळंतपणात फार रक्त गेले, नंतर दूध आले नाही, पाळी परतली नाही, बाई कायम थकलेली, थंडी सोसत नाही, अंगावरचे केस गळाले, तर ही शंका घ्यावी. १९३७ साली शीहान यांनी याचे वर्णन केले. शेतकऱ्यांसाठी आणखी एक: घोणस चावून वाचलेल्या माणसातही ही ग्रंथी कधीकधी निकामी होते. साप चावून बरा झालेला माणूस पुढे महिनोन्‌महिने गळून गेलेला असेल तर "विषाचा अंमल राहिलाय" म्हणून सोडून देऊ नका.

केव्हा जागे व्हावे?

डोकेदुखी बरोबर कडेचे दिसेनासे होणे, चष्मा बदलूनही नजर न सुधारणे, अंगठी-बांगडी-चपलेचे माप वाढणे, विनाकारण पाळी बंद होणे किंवा स्तनातून दूध येणे, पुरुषाची दाढी व इच्छा कमी होणे, मुलाची उंची थांबणे किंवा भलतीच वाढणे, अशा वेळी डॉक्टरांना पिट्यूटरीबद्दल विचारा. अचानक अतितीव्र डोकेदुखी, उलट्या आणि नजर जाणे हे एकत्र झाले तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठा. गाठीत रक्तस्राव झालेला असू शकतो.

कडेची नजर घरीही पाहता येते. समोरासमोर बसा, एक डोळा झाका, समोरच्याच्या नाकावर नजर ठेवा आणि त्याला बाजूने बोट आणायला सांगा. दोन्ही डोळे वेगवेगळे तपासा. शंका आली तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नजरेच्या क्षेत्राची, म्हणजे फील्डची तपासणी मागा.

उपचारांसाठी आपल्या राज्यात सोय आहे. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात संप्रेरकांचा आणि मेंदूच्या शस्त्रक्रियेचा असे दोन्ही विभाग आहेत. तिथल्या डॉ. अतुल गोयल आणि सहकाऱ्यांनी २००४ साली अतिशय मोठ्या पिट्यूटरी गाठींच्या ११८ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला होता. एका ठिकाणी एवढ्या मोठ्या गाठी एवढ्या संख्येने याव्यात, याचा एक अर्थ मला तरी असा वाटतो की आपल्याकडचा रुग्ण उशिरा पोचतो. आणि तो उशीर पुष्कळदा माझ्यासारख्याच्या दवाखान्यात होतो. खर्चासाठी महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत मेंदूच्या शस्त्रक्रिया आहेत. रेशनकार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी भेटावे.

मामा देवगिरी एक्सप्रेसने मुंबईला गेले. तिथल्या एका मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात, योजनेतून, नाकावाटे गाठ निघाली. महिनाभर नाक शिंकरायचे नाही, ओझे उचलायचे नाही, शिंक आली तर तोंड उघडे ठेवून द्यायची, कुंथायचे नाही, हे सगळे त्यांनी पाळले. उजव्या डोळ्याची कडेची नजर काही दिवसांतच परतू लागली आणि पूर्ण आली. डाव्या डोळ्याची अर्धीच आली. दाब फार दिवस राहिला तर नस कायमची वाळते. त्या डोळ्याची उरलेली अर्धी बाजू माझ्या वर्षभराच्या गोळ्यांत गेली, हे मी मामांना सांगितले. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "साहेब, आता दुसऱ्याचं बघा म्हणजे झालं."

तेव्हापासून डोकेदुखीच्या प्रत्येक रुग्णासमोर मी खुर्ची ओढून बसतो आणि बोट हलवून पाहतो. त्याला दोन मिनिटे लागतात आणि पैसा लागत नाही. वाचकहो, तुमच्या डॉक्टरांनी हे केले नाही तर तुम्हीच आठवण करून द्या. त्यांना राग येणार नाही, आणि आला तरी चालेल.